टाकाच्या कडेला कोरलेलं

दिशाच्या तोंडातून मी आतापर्यंत बटण, खडू, लसणाची पाकळी आणि चपलेच्या पट्ट्याचा तुकडा बाहेर काढला आहे. त्या दिवशी तिच्या तोंडात देव होता.

सासूबाई जामखेडकडून देवघरातले टाक, म्हणजे देवांच्या प्रतिमा ठोकलेले चांदीचे छोटे पत्रे, स्टीलच्या डब्यात घेऊन आमच्याकडे नागापूरला आल्या होत्या. दिशाचं जावळ आठवड्यावर आलं होतं. त्याआधी झिजून सपाट झालेले टाक नगरच्या सोनाराकडे आटवून नवे करून घ्यायचे, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी टाक ताटात मांडले, हात धुवायला आत गेल्या, आणि तेवढ्यात दिशा रांगत ताटापाशी पोहोचली.

मी बोट घालून तो टाक काढला. गोल, दहाच्या नाण्याहून बराच मोठा, कुंकवानं माखलेला. भेसळीच्या कुंकवात शिसं असतं असं मी कुठंतरी वाचलं होतं. असल्या गोष्टी मी नेमक्या वाचते. तिचं तोंड धुतलं, जीभ बघितली, पुन्हा धुतलं. ती रडली नाही, मीच घाबरले होते. मग चिंच कालवली आणि टाक ब्रशनं घासायला बसले.

"अगं, तो वीर हाय," सासूबाई दारातून म्हणाल्या. "ब्रशानं घासतीस व्हय त्याला?"

"नवा ब्रश आहे, आई."

"त्याला काय कळतंय नवा का जुना."

वीर म्हणजे त्यांचे आजेसासरे, सहादेव. इंग्रजांच्या मोठ्या लढाईत घोड्यावरून लढता लढता गेले, म्हणून त्यांचा टाक देवांत बसला, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. टाकावर घोडेस्वार होताही. मात्र त्याच्या अंगावर चिंधी नव्हती.

"आई, याचे कपडे कुठं गेले?"

"हुते की. घासून घासून गेले."

कुंकू सुटलं तशी कडेला अक्षरं दिसायला लागली. टाकाच्या दोन्ही बाजू वर्षानुवर्षं राखेनं, चिंचेनं घासल्या होत्या. कड मात्र कुणी घासली नसावी. इंग्रजी अक्षरं होती, ठोकून उमटवलेली. मी खिडकीपाशी जाऊन मोबाईलनं फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. आधी आकडा, अकराशे चौऱ्याऐंशी. मग एस, वाय, सी, ई. मग सहादेव. पुढं थोडं पुसलेलं, आणि शेवटी सी-ए-व्ही टिंब, बी-डी-ई टिंब.

टाकाच्या पाठीला एक दाढीवाला चेहरा होता. "तो घडवनारा आसंल," असं सासूबाईंचं मत. त्याच्याभोवतीची तुटकी अक्षरं मी मोबाईलवर टाकली तर तो निघाला इंग्लंडचा राजा, पाचवा जॉर्ज. लॅटिनमधल्या लांबलचक पदव्या जागा पुरेना म्हणून तोडून बसवल्या होत्या. आय-एन-डी म्हणजे हिंदुस्थानचा, आय-एम-पी म्हणजे सम्राट. तो आमच्या देवघरात शंभर वर्षं पालथा पडून होता.

म्हणजे हे पहिल्या महायुद्धाचं पदक होतं. वरची कडी तुटलेली, तिचं टोक तेवढं राहिलेलं. घोडेस्वार सहादेव नव्हताच. लाखो पदकांवर तोच उघडा स्वार होता, विजयाचं चिन्ह म्हणून. माणसागणिक बदलायची ती फक्त कड. त्यावर त्याचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण.

आता मला राहवेना. दिशाला मांडीवर घेऊन, तिच्या हातात चमचा देऊन मी शोधत बसले. अशा पदकांवर हुद्दे तोडून लिहीत. एस-ई-पी म्हणजे शिपाई. एस-डब्ल्यू-आर म्हणजे सवार, घोडेस्वार. आमच्या पदकावरचं सी-ए-व्ही म्हणजे घोडदळ, बी-डी-ई म्हणजे ब्रिगेड. घोडदळ निघाल्यावर मला बरं वाटलं. मग एस, वाय, सी, ई? एस म्हणजे सर्व्हिस, सी म्हणजे कोअर, असं जुळवून पाहिलं, वाय कुठंच बसेना. तेव्हा लक्षात आलं की बाकी तोडलेल्या शब्दांपुढं टिंब आहे, याच्यापुढं नाही. तो तोडलेला शब्दच नव्हता, पुरा होता. साईस. घोड्यांची निगा राखणारा.

आणखी एक कळलं. लढणाऱ्यांना हे पदक चांदीचं मिळालं. स्वयंपाकी, पाणके, मजूर, साईस यांना बहुतेक ब्राँझचं. चिंचेच्या पाण्यातून निघालेलं आमचं पदक तांबूस होतं.

दुपारी सोनाराकडे जायचं होतं. गप्प बसले असते तर पदक आटलं असतं किंवा भंगारात गेलं असतं, आणि सहादेवांचं नाव जिथं लिहिलं होतं ती घरातली एकुलती एक जागा गेली असती. बोलले तर वीर घोड्यावरून खाली. जावळाच्या तोंडावर घरात काही वावगं बोललं गेलं तर ते सुनेनंच बोललेलं असतं, हेही मला माहीत होतं.

"आई, हे मिलिटरीचं पदक आहे," मी शेवटी म्हणाले.

"बिल्ला म्हन की."

"बिल्ला. सहादेवांचं नाव आहे यावर."

त्यांनी झटकन हात पुढं केला. मी त्यांचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. त्यांनी नखानं एकेक अक्षर चाचपलं. "एवढं बारीक? आन म्होरं काय लिवलंय?"

सवार म्हणता आलं असतं. त्यांना कळलंही नसतं.

"ते घोडेस्वार नव्हते, आई. घोडे सांभाळायला होते. मोतद्दार."

त्यांनी पदक वळवून घोड्यावर बोट ठेवलं. "मंग घोडा कुनाचा?"

"कुणातरी साहेबाचा असेल."

"आन खरारा, दाना, लीद?"

"ते सहादेवांकडं."

"साहेब वाचला का?"

"ते नाही लिहिलेलं."

"कसं लिवत्याल." त्या पदर सारखा करून उठल्या. "माझ्या लेकीची सासू येनार हाय जावळाला, मालनबाई. तिला मी धा येळा ऐकवलंय, आमचा वीर तलवारीचा म्हनून. आता ती म्हनंल, तुमचा वीर लीद काढीत हुता."

"त्यांना कशाला सांगायचं?"

"मंग मला तरी कशाला सांगितलंस?" असं म्हणून त्यांनी डबा उचलला. सांगून चूक केली की काय, हे मला रिक्षात बसेपर्यंत समजलं नाही. रिक्षातही नाही, त्या पूर्ण रस्ता बाहेर बघत होत्या.

दुकानात गर्दी होती. सोनारानं टाक एकेक करून तराजूत टाकले आणि पदक बाजूला सारलं. "मावशी, ही चांदी नाही. टाकही नाही. याच्याऐवजी नवा वीर देतो ठोकून," म्हणून त्यानं ठसा दाखवला. उडता घोडा, वर फेटेवाला, उगारलेली तलवार.

सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "घोडा ऱ्हाऊ द्या. मानूस खाली उभा करा. हातात लगाम."

"खाली? मावशी, वीर घोड्यावरच असतो."

"आमचा खाली हाय."

"तसा ठसा नाही माझ्याकडं."

"मंग नका करू. बाकीचे आटवा. ह्यो तेवढा पुसून द्या, कडेला हात लावू नका."

कडेला म्हटल्यावर सोनारानं चष्मा सरसावला, पदक उजेडात धरलं आणि मोठ्यानं अक्षरं लावायला लागला. शेजारच्या दोघी बायकाही वाकून बघू लागल्या. "एस, वाय, सी, ई," तो म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "याचा फुल फॉर्म काय हो ताई?"

मी सासूबाईंकडं पाहिलं.

"मोतद्दार," त्याच म्हणाल्या, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात. "आमचे आजेसासरे. घोडे सांभाळायला हुते लढाईत."