गोधडीचे पाच रंग

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात एका चर्चच्या तळघरात दर गुरुवारी दुपारी सात-आठ बायका मणी ओवायला जमत. प्रत्येकीने आवडता फोटो निवडायचा, त्यातल्या पाच रंगांच्या मण्यांचा दागिना करायचा आणि महिनाअखेरीस दोन्ही शेजारी शेजारी मांडायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

आर्डिसला तिथं आणलं मार्लिसनेच. तीस वर्षांची मैत्री. सहा वर्षांपूर्वी आर्डिसची मुलगी ब्रिटा भांडून निघून गेली, पत्ताही ठेवला नाही, तेव्हापासून आर्डिसचे डोळे पुसले ते मार्लिसनेच.

त्या मार्चमध्ये मार्लिसने हार मांडला. मोहरीचा पिवळा, विटकरी, राखाडी, फिकट गुलाबी आणि मध्येच गडद हिरवा. शेजारच्या फोटोत नुसतं कापड दिसत होतं, ठिगळाठिगळांचं.

"काय रंग जमलेत गं!" त्यांच्यातली ग्लेनिस म्हणाली. "फोटो कुठला?"

"नेटवरून घेतला."

आर्डिसने चष्मा लावला आणि फोटो उचलला. हिरव्या तुकड्यावरून तिने बोट फिरवलं.

"मार्लिस, ही गोधडी कुठं पाहिलीस?"

"म्हटलं ना, नेटवर."

"हा हिरवा तुकडा माझ्या वडिलांच्या कोटाचा आहे. नऊ वर्षांची असताना मी तो जोडला, म्हणून असा वाकडा बसलाय. नेटवर माझ्या बापाचा कोट आला कुठून?"

गोधडी ब्रिटा जाताना घेऊन गेली होती. फोटोच्या कोपऱ्यात, कडा कापताना राहून गेलेली, एक इवलीशी गुलाबी टाच होती.

मार्लिसचा चेहरा उतरला. "तिनं शपथ घातली होती गं. तुला सांगितलं तर मलाही दार बंद, म्हणाली."

"कधीपासून जातेस तिच्याकडे?"

"चार वर्षं झाली."

"आणि ही टाच?"

"तुझी नात. अकरा महिन्यांची आहे."

टेबलाभोवतीचे हात थांबले. आर्डिसला आठवला गेला नाताळ. ब्रिटासाठी जास्तीचं ताट मांडलं होतं, आणि मार्लिसने पाठीवरून हात फिरवत म्हटलं होतं, 'येईल गं, धीर धर.' तेव्हा ते बाळ आठ महिन्यांचं होतं. मार्लिसने त्याला मांडीवर घेतलेलंही असणार.

"माझं रडणं तिकडे जाऊन सांगायचीस?"

मार्लिस पुटपुटली, "ती विचारायची म्हणून... आणि फोटो इतका कापला होता, वाटलं तुला कळणार नाही."

"माझ्या हातचा टाका मला कळणार नाही?"

आर्डिसने कोट चढवला आणि ती जिना चढून निघून गेली. मागून हाका आल्या, पण तिने वळून पाहिलं नाही. नंतरचे फोनही उचलले नाहीत.

पण ब्रिटाचा पत्ता जगात एकाच ओळखीच्या माणसाकडे होता. तीन आठवडे आर्डिसने स्वतःशी भांडण केलं. चौथ्या सोमवारी सकाळी ती मार्लिसच्या दारात उभी राहिली, हातात ब्रिटाला लिहिलेल्या पत्राचं बंद पाकीट घेऊन.

"आत ये ना. कॉफी ठेवते."

"नको. हे तिला दे."

मार्लिसने पाकीट घेतलं. तिचे डोळे भरून आले. "आर्डिस, बाळाचं नाव सांगू?"

चार पायऱ्या उतरलेली आर्डिस थांबली.

"तुझ्या तोंडून नको," ती म्हणाली, आणि गाडीकडे गेली.