बाबांच्या करंगळीतली दुपार

मी अंगठी बोलतेय. दागिन्यातली नव्हे हं, माझ्यात ना हिरा ना सोनं. मी झोप मोजते. बोटात बसून नाडी आणि श्वास टिपायचे अन् सकाळी मोबाइलवर शंभरपैकी गुण द्यायचे, हे माझं काम.

मला घेतलं चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीनं. मैत्रिणीच्या बोटात पाहिली, आवडली, घेतली. तरुण मंडळींचं असंच असतं. नवी वस्तू आधी अंगावर चढते, ती करते काय हे मग वाचतात. तक्रार नाही माझी. पण ही छान गुणगुणत उठायची आणि मोबाइल बघितला की तोंड पाडायची.

"आई, बावन्नच! तरीच अंग दुखतंय."

"आत्ता तर गात होतीस!"

शेवटी तिला माझाच संशय आला. रविवारी दुपारी बाबा सोफ्यावर घोरत होते. बाबा बस चालवतात. सिग्नलला बस थांबली की आपला डोळा लागतो नि मागचे हॉर्न मारून उठवतात, हा त्यांचा जेवताना सांगायचा आवडता किस्सा.

"यांना शंभर दिले नाहीस तर तू खोटारडी," म्हणत तिनं मला त्यांच्या करंगळीत सरकवलं.

घोरणं जोरात होतं. मग एकदम थांबलं. मी वाट पाहिली. श्वासच येईना! मग मोठा आचका देऊन श्वास आला, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी मोबाइलवर लाल रेघांचा नुसता सडा घातला.

"बाबा, उठा! झोपेत तुमचा श्वास थांबतोय."

"मग आत्ता तुझ्याशी कोण बोलतंय?"

"डॉक्टरकडे चला."

बाबांचं हसू मावळलं. "आणि त्यांनी माझं बस चालवणं बंद केलं तर?"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या त्या सिग्नलच्या किश्शाला मला कधीच हसू आलेलं नाही."

बाबा डॉक्टरकडे गेले. "अंगठीवरून मी औषध देत नाही," डॉक्टर म्हणाले. लागलं मला जरा. पण त्यांच्या तपासणीतही तेच निघालं. काही आठवडे बस चालवणं बंद झालं. बाबा डेपोत टेबलापाशी बसायचे आणि घरी येऊन सगळ्यांवर खेकसायचे. झोपताना नाकावर हवेचा मास्क आला, तो ते ओढून काढायचे. मग मुलीनं चष्मा बसवावा तसे त्याचे पट्टे हलक्या हातानं सैल-घट्ट करून दिले.

"विमान चालवायला निघालात का?" ती म्हणाली. बाबा मास्कमध्येच हसले.

बस परत मिळाली, त्या दिवशी त्यांनी मला मागून घेतलं. आता मी डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत असते. दुपारी तरुण कंडक्टर आपणहून बोट पुढे करतात, गुणांवरून भांडतात, फोटो काढतात. जुने ड्रायव्हर मला पाहिलं की हात खिशात घालतात.

काका, तुम्हालाच सांगतेय. फार घट्ट नाही बसत मी. काढा ना तो हात बाहेर.