मोकळ्या रस्त्यातला ब्रेक

श्रेयाचा पाय ॲक्सिलरेटरवर होता आणि गाडी थांबली.

स्टिअरिंगमागं लाल दिवा लागला, काहीतरी कर्कश वाजलं आणि पट्टा छातीत रुतला. शेजारी बसलेल्या सासूबाई, द्वारकाबाई, पुढं फेकल्या जाऊन परत सीटवर आदळल्या. वाळूजहून शहराकडं येणारा रस्ता समोर सरळ पसरला होता. त्यावर माणूस नव्हतं, जनावर नव्हतं. पाठोपाठ मागून धाडकन आवाज झाला.

ती उतरून धावली. कारखान्यातली पाळी संपवून घरी निघालेला एक मोटारसायकलवाला डांबरावर पडला होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळला होता.

"ताई, मोकळ्या रस्त्यात ब्रेक मारतं का कुणी?" एक टेंपोवाला ओरडला.

"मी नाही मारला."

"मग भुतानं मारला?"

श्रेया त्या माणसाच्या डोक्याखाली आपली ओढणी सारत राहिली.

दवाखान्यात कळलं, त्याचं नाव मोहियोद्दीन. त्याची बायको कमरुन्निसा खाटेच्या दांड्याला धरून उभी होती. तिची नजर नवऱ्याच्या पायावरून हलत नव्हती. तिनं श्रेयाला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

श्रेयाचा नवरा इंद्रजीत आला तो फोनवर बोलतच. फोन ठेवून त्यानं तिला बाजूला घेतलं.

"शोरूमवाले म्हणतात, समोर काही असल्याशिवाय गाडी आपोआप ब्रेक मारतच नाही. घाबरून तुझाच पाय पडला असेल."

"नाही पडला."

"बरं. पोलिसांना सांग, कुत्रं आडवं आलं. विषय संपला."

हवालदार आला. श्रेया बोलायच्या आत मोहियोद्दीननंच मान उचलली. इंद्रजीतचं बोलणं त्याच्या कानावर पडलं असावं.

"कुत्रा आला असंल, साहेब. मीच लई जवळून चालवत होतो. बेटीला तकलीफ नको."

हवालदारानं लिहायला सुरुवात केली. इंद्रजीतनं सुटकेचा श्वास सोडला.

"झालं बघ. उद्या प्रेरणाला शाळेत सोडायला गाडी लागेल. डिकीला थोडा पोचा आलाय, नंतर बघू."

प्रेरणा, त्यांची मुलगी, मागच्या सीटवर बसायची. श्रेयाच्या डोळ्यांसमोर तो लाल दिवा पुन्हा लागला. तिनं हवालदाराच्या कागदावर हात ठेवला.

"कुत्रं नव्हतं. रस्ता मोकळा होता."

"म्हणजे ब्रेक तुम्ही मारला?"

"नाही."

"ताई, गुन्हा तुमच्यावर येईल. नीट विचार करा."

"श्रेया!" इंद्रजीत दबक्या आवाजात म्हणाला. "पाय कुठं होता ते माणसाला आठवत नसतं अशा वेळी."

श्रेया स्वतःच्या चपलांकडं बघत राहिली. खरंच, आठवत असतं का?

"ॲक्सिलेटरवर होता."

सगळे वळले. दवाखान्यात आल्यापासून द्वारकाबाई बाकावर बसून होत्या. आता त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

"मी बघत होते. पाय उजवीकडं होता, दाबलेला. ब्रेकवर नव्हता."

"आई, तू रस्त्याकडं बघशील की तिच्या पायाकडं?"

"पायाकडंच." त्यांनी पदर सारखा केला. "रोजच बघते. मला गाडी शिकायचीय."

इंद्रजीत तोंड उघडं ठेवून आईकडं पाहत राहिला. कमरुन्निसानं खाटेच्या दांड्यावरचा हात काढला आणि पहिल्यांदाच श्रेयाकडं बघितलं.

"वय किती, आजी?" हवालदारानं विचारलं.

"अडुसष्ट. लिवा तुम्ही."

त्यानं आधी लिहिलेल्या ओळीवर काट मारली.