केल्सीच्या नावाचं जेवण

“दोनशे माणसं म्हणजे तुला काय जड आहे गं, डार्ला? रोज तीनशे पोरांना जेवू घालतेस!”

रेनी प्रुइट शाळेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर दोन्ही कोपरं टेकून उभी होती. पोरं जेवून वर्गात गेली होती आणि डार्ला होस्टेटलर गरम पाण्याच्या फवाऱ्याखाली ट्रे धरून उभी होती.

“नुसतं केल्सीचं नाव लावलं तर पन्नास लोक येतील,” रेनी म्हणाली. “तुझ्या हातच्या चिकन-नूडल्स म्हटलं की दोनशे.”

“माझं नाव कुठे लावू नकोस.”

“नाही लावत. करशील ना?”

‘नाही’ अगदी ओठांवर आलं होतं. पण एल्म रिजसारख्या गावात ज्या बाईला नाही म्हणायचं, तीच दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात आपल्या मागे रांगेत उभी असते. डार्लाने फवारा बंद केला. “करीन,” ती म्हणाली.

“देव तुझं भलं करो!” रेनीने खिडकीतून हात घालून तिचा ओला हात दाबला आणि गेलीसुद्धा. तिला अजून तीन दुकानांत मागायला जायचं होतं.

रेनीची मुलगी केल्सी अठरा वर्षांची. बिगूल वाजवायची. उन्हाळाभर देशभर हिंडणाऱ्या ढोल-बिगुलांच्या एका मोठ्या पथकात तिची निवड झाली होती. तिथे बावीसच्या आतलीच पोरं घेतात. दिवसभर उन्हात सराव, रात्री बसमध्ये प्रवास, कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये जमिनीवर झोप. आणि एवढ्या हालांसाठी पाच हजार डॉलर आपणच भरायचे. रेनी वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत कामाला होती. तिच्याकडे पाच हजार काय, पाचशेही नव्हते. म्हणून ती गावभर मागत फिरत होती, आणि शनिवारचं हे जेवणही पैसे जमवायलाच होतं. पेट्रोल पंपावर, न्हाव्याकडे, हार्डवेअरच्या दुकानात, जिकडे बघावं तिकडे केल्सीचा हसरा फोटो चिकटवलेली बरणी. पंपावरच्या बरणीत नोटा गळ्यापर्यंत आल्या होत्या. गेल्या सोमवारी कुणी बघत नाही असं पाहून डार्लाने ती बरणी फिरवून फोटो भिंतीकडे करून ठेवला होता. गुरुवारी गेली तर कुणीतरी तो पुन्हा समोर केलेला.

डार्लाच्या पोटात जे जळत होतं, त्याला दोन वर्षांचं जळण होतं.

दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा कर्टिस अशाच एका पथकात निवडला गेला होता. लागोपाठ तीन हिवाळे तो निवडीला गेला, दोनदा परत आला, तिसऱ्यांदा त्याला ड्रमच्या रांगेत जागा मिळाली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्याच हिवाळ्यात ट्रेलरचा कारखाना बंद पडला, आणि डार्लाचा नवरा ग्लेन कामासाठी म्हणून टेक्ससला गेला तो तिकडचाच झाला. चर्चच्या बायका दाराशी किराण्याच्या पिशव्या ठेवून जायला लागल्या. एका पिशवीत भोपळ्याच्या गराचा डबा निघाला, तो डार्लानेच आदल्या वर्षी गरिबांसाठी म्हणून दिलेला. झाकणावर तिच्याच अक्षरात तारीख होती. ती तो डबा हातात घेऊन कितीतरी वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली होती.

आणि त्याच आठवड्यात कर्टिसने पत्रं लिहिली. चौतीस. दुकानदारांना, दंतवैद्याला, जुन्या मास्तरांना. प्रत्येकाला वेगळं, स्वतःच्या हाताने. ‘मी सहाव्या इयत्तेपासून ड्रम वाजवतो. मला जमेल तेवढी मदत करा. शरद ऋतूत मी तुमचं आवार झाडून देईन.’ गठ्ठा आईच्या हातात देऊन तो म्हणाला होता, “मॉम, तुला सगळे ओळखतात. तू दिलीस तर ते वाचतील तरी.”

डार्ला पहिलं पत्र घेऊन व्हर्नन स्टुट्झच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. व्हर्ननने “काय हवं?” विचारलं. तिने नको असलेला स्क्रूचा डबा विकत घेतला आणि घरी आली. बाकीची तेहतीस तिने पर्समधून बाहेर काढलीच नाहीत. महिन्याने कर्टिसला सांगितलं, “लोकांचे हात आखडलेत रे. कारखाना गेला. कुणी काही म्हटलं नाही.” कर्टिस “बरं” म्हणाला. व्हरांड्यात जाऊन त्याने पथकाला फोन केला आणि पुढच्या आठवड्यापासून टायरच्या दुकानात लागला. आता तो बावीसचा झाला होता. ते दार कायमचं बंद झालं होतं.

त्याच लोकांचे हात आता केल्सीसाठी कसे सैल सुटले होते! डार्ला हे स्वतःशी इतक्या वेळा म्हणाली होती की कधीकधी पत्रं आपण दिलीच नव्हती हे तिचं तिलाच आठवत नसे.

शनिवारी बर्फ पडावं असं तिला आठवडाभर वाटत होतं. चांगलं गुडघाभर पडावं, रस्ते बंद व्हावेत. शनिवार उजाडला तो लख्ख.

अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये सकाळीच कणीक भिजवायला घेतली. वाईट रांधणं डार्लाच्या हाताला येत नव्हतं. मनात कितीही कडू असलं तरी नूडल्स पातळ, एकसारख्या उतरत होत्या. समोर रेनी बटाटे सोलत होती.

“तुला कशी गं लाज वाटत नाही?” डार्लाने लाटता लाटता विचारलं. विनोदाने विचारायचं होतं, पण आवाज तसा निघाला नाही.

रेनीचं सोलणं थांबलं. “कोण म्हणतं वाटत नाही? प्रत्येक दुकानाबाहेर मी आधी गाडीत बसून राहते. बँकेच्या बाहेर तर रडले. मग नाक पुसलं, लिपस्टिक लावली आणि आत गेले.” ती हसली. “लिपस्टिक आधी लावली असती तर रडताना पसरली असती ना!”

डार्ला हसली नाही. आजवर तिचं समाधान एवढंच होतं, की रेनी मुळात निगरगट्ट आहे, जाड कातडीची आहे, तिला काय त्याचं. तेही गेलं. रेनीला लाज होती आणि तरी ती आत गेली होती. हे डार्लाला तिच्या भरलेल्या बरण्यांपेक्षा जास्त झोंबलं.

पाच वाजता दारं उघडली आणि रांग बाहेर पार्किंगपर्यंत गेली. दहा डॉलरला ताट होतं, पण लोक वीस टाकून सुटे मागत नव्हते. टायरच्या दुकानातून कर्टिस आला, हात घासून धुतले, आणि न सांगता आईशेजारी ॲप्रन बांधून उभा राहिला. तो कुस्करलेला बटाटा वाढायचा, डार्ला त्यावर चिकन-नूडल्स ओतायची. कोपऱ्यात केल्सी बिगूल वाजवत होती. वरचा सूर तिला दोनदा लागला नाही, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“वरच्याला जोर लावते ती,” कर्टिस हळूच म्हणाला. “शिकवतील तिकडे. छान वाजवेल.”

त्याच्या आवाजात हेव्याचा लवलेश नव्हता. डार्लाला त्याचा राग आला. हिच्या जागी तू असतास, तुला काहीच कसं वाटत नाही, असं त्याला गदागदा हलवून विचारावंसं वाटलं.

तेवढ्यात व्हर्नन स्टुट्झ ताट घेऊन पुढे आला. पंचाहत्तरीचा, कानाने थोडा कमी, त्यामुळे बोलणं सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

“काय रे कर्टिस! तूही मध्ये अशाच कशात तरी जाणार होतास ना? मास्तर म्हणाले होते. मग गेला का नाहीस?”

“पैसे नाही जमले, मिस्टर स्टुट्झ.”

“नाही जमले? अरे, मग एक शब्द टाकायचास! हिच्यासाठी दोनशे दिले मी. तुझ्यासाठी नसते दिले? माझं छप्पर तुझ्या आजोबांनी घातलंय.”

“मी पत्र लिहिलं होतं तुम्हाला.”

“मला? नाही बुवा. मला पत्र आलं असतं तर मी विसरलो असतो होय? हल्ली मला पत्रं येतात कुठे!” त्याने मागे वळून दंतवैद्याला विचारलं, “डॉक्टर, या पोराचं पत्र आलं होतं का तुम्हाला?”

डॉक्टरांनी मान हलवली. “नाही. का?”

डार्लाची पळी भांड्यातच राहिली. कर्टिसने तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. बटाट्याचा एक डाव वाढायला लागतो तेवढाच.

“मग पोस्टात गहाळ झाली असतील,” तो म्हणाला. “ताट सांभाळा, मिस्टर स्टुट्झ, गरम आहे.”

“पोस्टाचं काही खरं नाही,” म्हणत व्हर्नन पुढे सरकला. रांगही सरकली. अजून साठ-सत्तर माणसं जेवायची होती. मायलेकांनी त्या सगळ्यांना वाढलं.

शेवटी रेनी खुर्चीवर चढून ओरडली, “जमले! सगळे पैसे जमले!” आणि हॉलमध्ये जल्लोष झाला. डार्ला तेव्हा आत मोरीशी होती. कर्टिस मोठं पातेलं आत आणून पुसायला उभा राहिला.

“एकही दिलं नाहीस?” त्याने विचारलं.

“व्हर्ननच्या दुकानापर्यंत गेले होते.”

“आणि?”

“मला हात पसरवेना रे. त्या पिशव्या दाराशी येत होत्या... मी कुणाच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते.”

कर्टिसने पातेलं पुसून उपडं ठेवलं. “हात मी पसरले होते, मॉम. तू फक्त पोचवायचं होतंस.”

ती काहीतरी बोलायला गेली. त्याने मान हलवली, ॲप्रन सोडला, घडी घालून टेबलावर ठेवला. नंतर तिला घरी सोडलं, व्हरांड्याच्या पायऱ्यांवर घसरू नये म्हणून कोपराला धरून वर नेलं. चार दिवसांनी टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्याने सामान हलवलं. रविवारी जेवायला यायचा. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा. आवाज कधी चढवला नाही. चढवला असता तर डार्लाला बरं वाटलं असतं.

जुलैत केल्सीचं पथक जवळच्या शहरातल्या मैदानावर आलं. रेनीने दोन तिकिटं आणून दिली. “नाही म्हणायचं नाही. तुझ्या नूडल्सवर गेलीय ती.”

कर्टिस त्याच्या गाडीने आला आणि आईशेजारी बसला. दीडशे पोरं मैदानात उतरली. दुसऱ्या बाजूला रेनी “ती बघ, ती! डावीकडून चौथी!” म्हणून रडत होती, आणि रडताना तिने डार्लाचा हात पकडला. केल्सी उन्हाने रापली होती, वाळली होती, आणि वरचा सूर असा सरळ लावत होती की डार्लाच्या अंगावर काटा आला. एवढं होऊनही तिच्या पोटातलं ते जळणं थांबलं नव्हतं. तिने हात मात्र सोडवून घेतला नाही.

मग ड्रमची रांग पुढे आली. नऊ पोरं, खांद्याला खांदा लागलेला, नऊ जोड्या काठ्या एका उंचीवर. त्या आवाजाने बाकं थरथरायला लागली. कर्टिस पुढे झुकला होता.

“तिसरा जरा घाईत आहे,” तो म्हणाला.

चार महिन्यांत न विचारता तो तिच्याशी बोलला असं हे पहिलंच वाक्य होतं.

“कुठला?”

“डावीकडून. उंच आहे तो.”

डार्लाला कोण घाईत, कोण मागे, काहीच कळत नव्हतं. पण पथक मैदानाबाहेर जाईपर्यंत ती त्या उंच पोराकडेच बघत राहिली.