पहिल्या नंबरावरची बाई

हरेश्वरचा स्वभावच तसा. दूध दाट आलं तरी दूधवाल्याकडे दोनदा बघून घ्यायचा. त्यात सत्त्याण्णव सालच्या त्या आठवड्यात त्याच्या तुळिंजच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खरंच काहीतरी शिजत होतं.

फाइटच्या मशीनवर खेळायला निवडायचे आठ गडी. सात पुरुष आणि एक बाई. त्या बाईला कोणी घेत नसे. कोणाकडून चुकून घेतली गेली, तर बाकीची पोरं "बायल्या, बायल्या" करून त्याचा जीव नकोसा करत. आणि आता रोज सकाळी अकराला हरेश्वर आत येतो, तर पडद्यावर पहिल्या नंबराला त्याच बाईचा चेहरा! रात्री मेन स्विच पाडला की मशीन सगळे नंबर विसरायचं. म्हणजे सकाळीच कोणीतरी खेळून जात होतं.

दुसरी किल्ली फक्त जयवंतीकडे, त्याच्या बायकोकडे. ती नऊला येऊन झाडून घेई, देवापुढे दिवा लावी. दहा मिनिटांचं काम. मग घरी यायला साडेदहा का वाजावेत?

शेजारच्या फॉल-पिकोवाल्या हंसाबेननं आगीत तेल ओतलं. "भाऊ, वहिनी रोज सकाळी आत कोणाशी बोलतात हो? काल 'ऊठ, ऊठ लवकर' म्हणत होत्या."

झालं! एवढं खेळणारा म्हणजे कोणी तरणाबांड पोरगाच असणार. हरेश्वरला अन्न गोड लागेना. "बरं नाही का तुम्हाला?" जयवंतीनं विचारलं, तर तो वस्सकन तिच्या अंगावर गेला. सासऱ्यांना बोलावून घ्यायचं आणि हिला त्यांच्या हवाली करायचं, इथवर त्यानं मनात ठरवून टाकलं. फक्त तो पोरगा रंगेहाथ सापडायला हवा होता.

पाचव्या दिवशी "गोखिवऱ्याहून मशीनची बटणं आणतो" अशी थाप मारून तो निघाला आणि वळसा घालून पार्लरपाशी आला. शटर अर्धं खाली. आतून धपाधप ठोशांचे आवाज. त्यानं एका झटक्यात शटर वर ढकललं.

"कुठाय तो?"

जयवंती एकटीच मशीनसमोर उभी होती, पदर खोचलेला, घामाघूम. दचकून तिचा हात सुटला आणि पडद्यावरची बाई धाडकन आडवी झाली.

"ऊठ, ऊठ लवकर! काय हो हे! शेवटचाच उरला होता!"

हरेश्वरनं मशीनमागे बघितलं, मोरीत बघितलं. कोणी नव्हतं. जयवंतीचा चेहराच उतरला.

"तुम्ही पुरुष शोधताय," ती म्हणाली.

"अगं, पण... हे तुला शिकवलं कोणी?"

"कोण शिकवणार? रोज पुसते मी हे मशीन. एकदा दाबून बघितलं. हिला कोणी घेत नाही, म्हणून मी घेतली."

"मग सांगायचंस ना!"

"सांगणारच होते. आज शेवटचा पाडला की घरी येऊन सांगणार होते." तिनं खोचलेला पदर सोडला. "इतके दिवस संशय धरलात. परका पुरुष बरा सुचला तुम्हाला. मीच खेळत असेन, असं एकदा तरी मनात आलं?"

खोटं बोलावं असं हरेश्वरला फार वाटलं. पण तिच्या नजरेला नजर देववेना.

"नाही आलं," तो म्हणाला.

तेव्हा मात्र जयवंतीला रडू फुटलं.