वरवंट्याची कावीळ

गुरुवारी भोसरीच्या वेशीजवळच्या लिंबाखाली पाय ठेवायला जागा नसायची. चाकण, पिंपरी, मोशीहून गाड्या भरून माणसं यायची. कुणाचे डोळे पिवळे, कुणाची नखं. ज्योतीराम महाराज हिरव्या देठांची इवलीशी माळ रोग्याच्या टाळूवर ठेवत आणि खर्जात सांगत, "माळ कावीळ खाणार, खाऊन वाढणार. बेंबीला टेकली की रोगी मोकळा. पण दवाखान्याची सुई टोचलीत, तर माझी माळ उपाशी मरंल."

आणि माळ खरंच वाढायची. बरेच जण बरेही व्हायचे.

इंदूच्या वडिलांची, सोनबा गवंड्याची माळ छातीखाली आली होती. माळ लांबत होती आणि सोनबा आटत होते. खाज तर अशी, की थापीच्या कडेनं पाठ रक्ताळेस्तोवर खाजवायचे.

"आबा, दवाखान्यात चला ना."

"माळ कुटवर आलीय, दिसत न्हाई व्हय? आता हितवर आल्यावर मोडता घालू नगंस."

इंदू एकटीच चिंचवडला नानासाहेब डॉक्टरांकडे गेली. सगळं ऐकून त्यांनी एक छापील लेख काढला. यकृताच्या आणि पित्तनळीच्या कॅन्सरवर एका संशोधकानं कितीतरी रोगी तपासून तो लिहिला होता.

"पोटात दुखत नाही, पण डोळे पिवळे, अंगभर खाज, शौचाला पांढुरकं. असंच ना?"

"असंच."

"मग पित्ताची वाट बहुधा गाठीनं अडलीय. साधी कावीळ पुष्कळदा आपोआप उतरते, श्रेय माळेला मिळतं. ही उतरायची नाही. पुण्याला नेऊन पोट उघडून बघायला हवं."

"लेखात माळेचं काही लिहिलंय?"

"एवढंच, की बहुतेक रोगी फार उशिरा येतात."

घरी सांगितलं, तर सोनबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आई, गोजाबाई, पदराआड रडत राहिली. आता कुणाच्या पाया पडावं, इंदूला कळेना. पाट्याजवळ नुसती बसली असताना तिची नजर वरवंट्यावर गेली. बारशाला बायका ह्यालाच कुंची घालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करतात. दगडाचं बाळ होतं, तर दगडाला कावीळ का होऊ नये?

गुरुवारी ती कुंचीतलं बाळ छातीशी धरून लिंबाखाली गेली. "महाराज, भाऊ हाय. उजेड सोसत न्हाई त्याला."

महाराजांनी कुंची उघडलीच नाही. वरूनच माळ चढवली. "डोळ्यांत हळद उतरलीय पोराच्या. वेळेत आणलंस."

तो आठवडा इंदूला खायला उठला. इकडे ती रोज निरखत असलेली माळ कुंचीवरून खाली घसरत होती, तिकडे आबांना भाकरीचा घासही जाईना.

पुढच्या गुरुवारी तिनं कुंची काखेला मारली आणि आबांना धरून धरून नेलं. महाराजांनी कुंचीवरची लांबलेली माळ उचलून गर्दीला दाखवली. "बघा. लेकरू सुटलं."

इंदूनं कुंची सोडली.

मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, ह्यो तर वरवंटा." आणि हशा उसळला.

"दगडात दैवी शक्ती..." महाराज अडखळले.

"मग डोळं कुटं हायेत त्याचं?" इंदूनं विचारलं आणि माळ सर्वांसमोर सोडवली. घेटुळीच्या, त्या रानवेलीच्या, वाळत आलेल्या देठाचे तुकडे, प्रत्येकाभोवती दोऱ्याचे वेढे. "ओला देठ वाळून बारीक होतो, वेढा सैल पडतो, दोरा लांबतो. खुंटीला टांगा, तिथंबी वाढंल."

सोनबा हसले नाहीत. त्यांनी स्वतःची माळ काढली, एक वेढा बोटानं ओढून पाहिला. "चल पोरी," एवढंच म्हणाले.

पुण्याला पोट उघडलं. गाठ यकृतात पसरली होती, काढण्यासारखी उरली नव्हती. सर्जननी पित्ताला दुसरी वाट तेवढी करून दिली.

"आधी आलो असतो तर?" इंदूनं विचारलं.

"वाचलेच असते असं नाही सांगत. पण प्रयत्न करता आला असता."

खाज थांबली. आबा पुष्कळ दिवसांनी शांत झोपले. भोसरीची माणसं भेटायला आली, तेव्हा त्यांनी खाटेवरूनच हात जोडले.

"डोळं पिवळं दिसलं की आधी डाक्तर गाठा. कुणी चमत्कार दावला, तर तो सोडवून बघा, आत काय हाय ते. लाजू नका, भिऊ नका. माजा वेळ गेला. तुमचा अजून हाय."