पट्ट्या तर पूर्ण होत्या

मी एक जुना बटणांचा फोन आहे. मित्रांनो, हसू नका. तुमच्या त्या गुळगुळीत फोनांसारखं मला नाचता-गाता येत नाही, फोटो काढता येत नाहीत, पण एकदा चार्ज केलं की मी आठवडाभर तग धरतो. तुमचे फोन संध्याकाळपर्यंत माना टाकतात. सध्या मी एका खणात पडून आहे आणि सांगायला माझ्यापाशी एवढी एकच गोष्ट आहे. ती चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसलेल्या असत. एकीने माझ्या पोटात बॅटरी घातली, दुसरीने झाकण लावलं, तिसरीने माझं एकेक बटण दाबून पाहिलं आणि पाठीवर थाप मारून पुढे ढकललं. तिथून खोक्यात आणि खोक्यातून दुकानात. दुकानदार माझी भारी तारीफ करायचा. "टॉर्च आहे, रेडिओ आहे, आणि आपटून बघा, काही होणार नाही!" असं म्हणत तो मला खरोखरच काउंटरवर आपटायचा. माझा जीव खालीवर व्हायचा, पण त्या आपटण्यावरच मी विकला गेलो.

मला घेतलं ते टॉवरवर चढणाऱ्या एका माणसाने. फोनचे ते उंच लोखंडी मनोरे तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यावर कमरेला पट्टा बांधून चढायचं, वरची यंत्रं बसवायची, बिघडली तर उतरवायची, हे त्याचं काम. त्याची आई त्याला 'माकड' म्हणायची. लहानपणी तो नळावर, कपाटावर, दिसेल त्याच्यावर चढायचा म्हणून. मोठा झाला, मिशा आल्या, केस पिकायला लागले, तरी आईच्या तोंडी तो माकडच राहिला, आणि ऐकून ऐकून मलाही तीच सवय लागली.

ती वर्षं माझ्या सुखाची होती. मी माकडाच्या पट्ट्याला लटकून आभाळात जायचो. एकदा हूक सुटला आणि मी टॉवरवरून थेट खाली वाळूच्या ढिगात. सगळी टोळी धावली. मला झटकलं, बटण दाबलं, तर दिवा पेटला! "दगड आहे दगड!" म्हणत माकडाने मला सगळ्यांना दाखवलं. त्या दिवशी मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

मग व्हायचं तेच झालं. माकडाने काचेचा मोठा फोन घेतला आणि मी आईकडे गेलो.

आई वेताच्या खुर्च्या विणायची. शाळेच्या, दवाखान्याच्या, लोकांच्या घरच्या. डोळ्यांचा आजार हळूहळू वाढला आणि शेवटी तिला अजिबात दिसेनासं झालं, तरी बोटं विणतच राहिली. त्या खरबरीत बोटांनी तिने मला एका दुपारी पाठ केलं. एकचं बटण दाबून धरलं की माकडाला फोन लागतो, एवढं तिला पुरे होतं. तिने बुटाची जुनी नाडी माझ्या कानात ओवली आणि मला गळ्यात घातलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेजारी एक टेलरताई सोडली तर येणारं-जाणारं कुणी नव्हतं. माकड टोळीबरोबर गावोगाव फिरायचा. म्हणजे आईला सगळं जग होतं ते माझ्या त्या एका बटणात, आणि मला त्याचा मोठा अभिमान होता.

माकडाने तिला नीट समजावून ठेवलं होतं. "आई, मी वर असलो की फोन उचलत नाही. कधी कधी तर काम चालू असताना आम्हीच लाईन बंद करतो, मग नुसतं टुकटुक वाजतं किंवा काहीच वाजत नाही. घाबरायचं नाही. समजायचं, माकड वर आहे. उतरलो की मीच करतो."

"आणि तुला कसं कळणार मी बरी आहे ते?"

"तुझा फोन आला नाही म्हणजे तू बरी! रविवारी तर मी करतोच आहे."

दोघांनाही ते पटलं. वर्षानुवर्षं तसंच चाललं आणि चांगलं चाललं, म्हणून कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

मग आमची फोनची कंपनी विकली गेली. आमची लहान कंपनी आणि शेजारची मोठी कंपनी एक झाल्या, म्हणजे मोठीने लहानीला गिळलं. दुकानांच्या पाट्यांचे रंग बदलले. माकड घरी आला की जेवताना तेच विषय. "एवढे टॉवर कशाला पाहिजेत म्हणतात. जुनी यंत्रं सगळी खाली, नवी वर. या आठवड्यात नदीपलीकडचे दोन झाले, पुढे बाजारातला." कोणता टॉवर झाला, कोणता राहिला, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. कारण जुनं यंत्र बंद झालं की माझ्यासारखे फोन मुके होणार होते. नव्या यंत्रांची भाषा मला येत नाही, आणि या वयात शिकवणार कोण? टॉवरखाली लोक त्याला विचारायचे, "साहेब, आमचा हा चालेल का हो?" आणि माकड त्यांच्या हातातला फोन बघून म्हणायचा, "हा गेला समजा. नवा घ्या."

आईसाठी त्याने काचेचा फोन आणून पाहिला. काय सांगू ती फजिती! तिने बोट फिरवलं तर दवाखान्यात लागला. पुन्हा फिरवलं तर शाळेच्या मुख्याध्यापकांना. तिसऱ्यांदा गाणंच सुरू झालं आणि बंद होईना. आईने तो फोन त्याच्या अंगावर भिरकावला. "घेऊन जा तुझा हा आरसा! आंधळीला आरसा देतोय मेला. याला कुठे हात लावायचा तेच कळत नाही." माकड हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मी गळ्यात मिरवत होतो. मित्रांनो, मला तेव्हा आनंद झाला होता. आता त्या आनंदाची लाज वाटते.

मग माकडाने दुसरा मार्ग काढला. बटणांचाच, पण नवी भाषा येणारा एक फोन मिळतो म्हणे. तो त्याने दुकानात सांगून ठेवला. "पुढच्या आठवड्यात येईल. तोवर काळजी नको. आपल्या टेकडीवरचा टॉवर सगळ्यात शेवटी घ्यायचा, असं मी सुपरवायझरला सांगून ठेवलंय. तो आपला माणूस आहे." सुपरवायझर खरंच शब्दाचा पक्का होता. माकड निर्धास्तपणे टोळीबरोबर दूर निघून गेला.

दोन कंपन्या एक झाल्या की माणसंही जास्त होतात. सुपरवायझरला घरी बसवलं. त्याच्या जागी जो आला त्याला टेकडी ठाऊक नव्हती आणि माकडाला दिलेला शब्दही. तो दूरच्या एका ऑफिसात पडद्यासमोर बसायचा. तिथून एक बटण दाबलं की इकडचं यंत्र बंद.

त्याआधी मला एक मेसेज आला होता, तेही सांगतो. 'आपला फोन नव्या नेटवर्कवर चालणार नाही, त्वरित बदलून घ्या.' मी टिंग केलं. आईने मला हातात घेतलं, बोटाने कुरवाळलं आणि म्हणाली, "काय रे, काय पाहिजे तुला?" मी पुन्हा टिंग करू शकलो नाही, कारण एका मेसेजला एकच टिंग करायचं अशी आमची रीत.

त्या सोमवारी टॉवर गप्प झाला. आम्ही फोन सारखे टॉवरला हाक मारत असतो, "आहेस ना?" आणि तो म्हणतो, "आहे, आहे." इतकी वर्षं त्याने कधी चुकवलं नव्हतं. त्या दिवशी मी हाक मारली आणि ओ आली नाही. मी घाबरून इकडे तिकडे शोधलं, तर जवळच्याच एका परक्या कंपनीचा टॉवर मिळाला. तो म्हणाला, "जिवावर बेतलं तर मदतीच्या नंबरला जोडून देईन. बाकी तुझं-माझं काही नाही." त्याच्या जोरावर माझ्या पडद्यावर सिग्नलच्या पट्ट्या मात्र पूर्ण उमटल्या.

दुपारी आईने एक दाबलं. काही नाही. तिने भिंतीपलीकडे हाक मारली, "टेलरताई, बघ गं जरा, याला काय झालंय?" टेलरताई तोंडात टाचण्या धरून आली, माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "पट्ट्या तर पूर्ण आहेत, काकू." पट्ट्यांखाली बारीक अक्षरात 'फक्त आपत्कालीन कॉल' लिहिलं होतं. ते वाचायला कुणी एवढं डोळ्याजवळ धरतं का? तिचा काय दोष?

"मग माकड वर असेल," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टेलरताई कापड आणायला बाजारात गेली होती, ती रात्री उशिरा परतली. आई मोरीतून येताना घसरली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बराच वेळ ती नुसतं "आई गं, आई गं" म्हणत राहिली. मग तिने मला चाचपलं आणि एकचं बटण दाबून धरलं.

मित्रांनो, माझा सगळा जन्म त्या एका क्षणासाठी होता आणि मी त्याच क्षणी कुचकामी ठरलो.

"वर आहे," ती स्वतःशीच म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. "लवकर उतर रे, राजा." पुन्हा दाबलं. मी तिच्या हातात होतो, पट्ट्या पूर्ण होत्या, बॅटरी निम्म्याहून जास्त होती. मदतीचा नंबर तिने लावला असता तर तो परका टॉवर जोडून देणार होता, पण मला तोंड कुठे होतं ते सांगायला? तिला तर फक्त एक ठाऊक होतं. ती रडली नाही. ओरडलीही फारशी नाही. पोराचं काम उरकायची वाट बघत बसलेल्या बाईसारखी ती वाट बघत होती, फक्त आडवी पडून. रात्र झाली. फरशी गार होती. तिची बोटं हळूहळू थंड होत गेली आणि तरी अधूनमधून एक दाबत राहिली. शेवटी शेवटी ती मलाच म्हणाली, "तू तरी वाज की रे, मेल्या."

सकाळी टेलरताई दूध द्यायला आली तेव्हा तिने किंकाळी फोडली. तिने आपल्या फोनवरून माकडाला फोन लावला. त्याने उचलला नाही, कारण त्या वेळी तो खरोखरच टॉवरवर होता.

दवाखान्यात मी खाटेशेजारच्या स्टुलावर होतो. डॉक्टर टेलरताईला बाजूला घेऊन म्हणाले, "हाडाचं पुढे बघू. पण रात्रभर गारठ्यात पडल्या, छाती भरलीय." माकड आला तो कमरेचा पट्टाही न सोडता. आईने त्याच्या बुटांचा आवाज ओळखला.

"उतरलास का रे?"

तो खाटेच्या दांडीला धरून उभा राहिला. तो वाटेत असतानाच टेलरताईने त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं, आणि फोन का लागला नाही हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

"हो गं," तो म्हणाला. "आत्ताच उतरलो."

"तरी मी टेलरताईला म्हटलं. वर असेल म्हटलं."

ती घरी परत आली नाही.

नंतर माकड मला खिशात घालून कंपनीच्या ऑफिसात गेला. काचेपलीकडच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "मेसेज पाठवला होता सर, पोचलेलाही दिसतोय." माकडाने विचारलं, "बंद करायच्या आधी एकदा कुणी लावून बघत नाही का?" बाई वाईट नव्हत्या. त्यांनाही कसंतरी झालं असावं. "एवढ्या लोकांना कसं लावणार, सर?" त्या म्हणाल्या. माकडाने मला परत खिशात घातलं. तोही लोकांना तेच सांगत आला होता, नवा घ्या म्हणून, आणि पुढच्या टॉवरकडे निघून जात होता. आजही तो तेच काम करतो. दुसरं येतं काय त्याला?

टेकडीवरून जुनं यंत्र उतरवायला माकडच गेला. ते भंगारात गेलं. मीही जायचो, पण त्याने मला खणात ठेवलं. रविवारी संध्याकाळी तो मला चार्जिंगला लावतो, स्वतःचा फोन समोर ठेवतो आणि माझं एकचं बटण दाबून धरतो. तो वाजणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी दाबतो. मग मला बंद करून परत खणात ठेवतो. मला त्याचा राग येत नाही. माझा मलाच येतो, पण त्याचा काय उपयोग?

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घेता तसं माझं एवढं ऐका. तुमच्या आजीचा, आजोबांचा, कुणाचाही जुना फोन असेल, तो हातात घ्या आणि त्याच्यावरून स्वतःला फोन लावून बघा. पट्ट्यांवर जाऊ नका. तुमचा फोन वाजला पाहिजे. नाही वाजला तर त्याच दिवशी काय ते करा. पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

दुकानदाराने शब्द पाळला. बटणांचा तो नवा फोन ठरल्याप्रमाणे पुढच्याच आठवड्यात आला, आणि सांगून ठेवला होता म्हणून माकड जाऊन घेऊनही आला. याच खणात तो माझ्याशेजारी आहे. खोकं अजून उघडलेलं नाही.